लोणार गावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोणार म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उल्केच्या आघाताने झालेल्या विवरातील सरोवर येते आणि त्याच्या काठावर एक नांदते गाव आहे, हे मागे पडते. आमच्याकडे सातत्याने येणारे प्रश्न एकत्र करून ही प्रश्नोत्तरे सिद्ध केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे अशी मांडणी ठेवली असून, एखाद्या मुद्द्याचा तपशील दुसऱ्या उत्तरात असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लोणार नेमके कोठे आहे?

लोणार हे महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून ते साधारण १९ अंश ५८ मिनिटे उत्तर अक्षांश व ७६ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांश येथे वसले आहे. प्रशासनाच्या दृष्टीने ते अमरावती विभागात, म्हणजे विदर्भाच्या पश्चिम भागातील वऱ्हाडात मोडते. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन भाग पडतात. लोणार घाटावर आहे आणि तेही जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला. उत्तरेला मेहकर, पश्चिमेला सिंदखेड राजा, पूर्वेला वाशीम जिल्ह्यातील रिसोड आणि दक्षिणेला जालना जिल्ह्यातील मंठा असे शेजारचे तालुके आहेत. त्यामुळे कागदावर वऱ्हाडात असलेल्या या गावाचे बाजारहाट आणि सोयरीक मराठवाड्याशीही घट्ट जोडलेली आहे.

२. लोणार कोणत्या नदीच्या खोऱ्यात येते? काही ठिकाणी पूर्णा, तर काही ठिकाणी पैनगंगा लिहिलेले दिसते.

लोणारचा परिसर गोदावरीला मिळणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात येतो. गोंधळ होण्याचे कारण असे की बुलढाणा जिल्ह्यात दोन पूर्णा आहेत. घाटाखालून पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीला मिळणारी एक, आणि घाटावरच्या भागातून आग्नेयेकडे जाऊन गोदावरीला मिळणारी दुसरी. या दुसरीला जिल्ह्यात खडकपूर्णा म्हणतात आणि लोणारशी संबंध आहे तो तिचा. पैनगंगा उत्तरेकडे मेहकरजवळून वाहते; तिचे पाणीही वर्धा आणि प्राणहिता या नद्यांमार्गे शेवटी गोदावरीतच जाते. स्वतः लोणार सरोवर मात्र यांपैकी कोणत्याही नदीला पाणी देत नाही. त्यात येणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही, आणि या एका गोष्टीतून पुढचे बरेच काही घडले आहे (प्रश्न १० पाहावा).

३. लोणार हे गाव म्हणायचे की शहर?

बोलताना येथील माणसे आणि आजूबाजूच्या खेड्यांतील माणसेही 'गाव' असेच म्हणतात आणि त्यात काही चूक नाही. कायद्याच्या भाषेत मात्र ते शहर आहे, कारण येथे ग्रामपंचायत नसून नगर परिषद आहे. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगर परिषदा अधिनियमानुसार ४० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या शहरांच्या नगर परिषदा 'क' वर्गात येतात आणि लोणारची नगर परिषद याच वर्गात बसते.

जनगणनेतही हाच निकष लागू होतो. नगर परिषद असलेले ठिकाण शहरी गणले जाते, मग तेथील किती माणसे शेतीवर जगतात हा प्रश्न विचारला जात नाही. जेथे नगर परिषद नाही अशा वस्तीला जनगणनेत शहर म्हणण्यासाठी किमान ५ हजार लोकसंख्या, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरील कामात आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे अशा तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. लोणारला ही परीक्षा द्यावी लागत नाही. म्हणूनच 'शहरी लोकसंख्या' या रकान्यात मोडणाऱ्या या गावाचा आठवडा अजून शेतीच्या कामांवर आणि बाजारावर चालतो, यात विसंगती मानण्याचे कारण नाही.

४. लोणारची लोकसंख्या किती आहे? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

२०११ च्या जनगणनेनुसार लोणार शहराची लोकसंख्या सुमारे २३ हजार होती. त्यानंतरची अधिकृत जनगणना झालेली नाही. २०२१ ची जनगणना कोविडच्या साथीमुळे पुढे गेली आणि पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख देशाच्या बहुतांश भागाकरिता जाहीर झाली आहे. तोपर्यंत '२०२३ ची लोकसंख्या', '२०२५ ची लोकसंख्या' म्हणून जे आकडे फिरतात, ते जुन्या वाढीच्या दरावरून केलेले अंदाज असतात. त्यांचा उपयोग अंदाज म्हणूनच करावा आणि अर्ज, प्रकल्प किंवा शालेय पुस्तिकेत देताना २०११ चा आकडा वर्षासह द्यावा.

आकडे वेगळे दिसण्याचे दुसरे कारण अधिक साधे आहे. लोणार हे शहराचे नाव आहे, तसेच तालुक्याचेही. तालुक्याच्या आकड्यात सुलतानपूर, बिबी यांसारखी मोठी गावे आणि अनेक लहान खेडी धरलेली असतात, त्यामुळे तो शहराच्या आकड्याच्या कितीतरी पट असतो. आकडा वाचताना तो नगर परिषदेचा आहे की तालुक्याचा, हे आधी पाहावे.

५. येथे कोणते लोक राहतात? कोणती भाषा बोलतात? पोट कशावर चालते?

गावाची मुख्य भाषा मराठी आहे आणि ती बोलली जाते वऱ्हाडी वळणाने, मात्र शेजारच्या मराठवाड्याची छटा तिच्यात जाणवते. मुस्लिम वस्तीत दखनी वळणाची उर्दूही ऐकू येते. हिंदू, मुस्लिम आणि बौद्ध हे तीन मोठे समाज आहेत. जिल्ह्याच्या २५ लाख ८६ हजार लोकसंख्येत (२०११) मुस्लिम आणि बौद्ध यांचे प्रमाण प्रत्येकी साधारण १४ टक्के आहे, आणि घाटावरच्या गावांमधून ही मिसळ सहज दिसते. जैनांची घरे आहेत. आसपास बंजारा समाजाचे तांडे आहेत.

पोट मुख्यतः कोरडवाहू शेतीवर चालते. सोयाबीन, कापूस आणि तूर ही खरिपाची पिके, तर पाण्याची सोय असेल तेथे रब्बीत हरभरा आणि गहू. पूर्वी ज्वारीचा पेरा मोठा होता. गेल्या काही दशकांत सोयाबीनने तिची जागा घेतली. तालुक्याचे ठिकाण असल्याने तहसील, पंचायत समिती, शाळा, दवाखाने आणि दुकाने यांवर बरीच कुटुंबे अवलंबून आहेत. सरोवर पाहायला येणाऱ्या पाहुण्यांवर गावाचे पोट भरते, असा बाहेर समज आहे. हॉटेले, वाहने आणि वाटाडे यांना त्यातून मिळकत होते हे खरे, पण बहुतेक पाहुणे सकाळी येऊन संध्याकाळी परततात आणि गावाच्या बाजारपेठेत पायही ठेवत नाहीत.

६. एवढ्या मोठ्या खड्ड्याच्या काठावर माणसांनी गाव का वसवले? सरोवराचे पाणी तर पिण्याजोगे नाही.

लोणारविषयी विचारला जाणारा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, असे आमचे मत आहे. गाव खाऱ्या सरोवरासाठी वसले नाही. ते गोड्या पाण्याच्या धारेपाशी वसले. विवराच्या ईशान्येकडील कडेवर खडकातून एक बारमाही झरा वाहतो. त्याला सर्वजण 'धार' म्हणतात आणि तेथील तीर्थाला गोमुख. पावसाचे पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून मुरत येते, आणि विवराच्या उभ्या भिंतीने ते थर कापले गेलेले असल्यामुळे तेथे ते उघड्यावर येते. वार्षिक पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास असलेल्या आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठणाऱ्या मुलखात बारा महिने वाहणारे पाणी म्हणजे वस्तीला आमंत्रणच होते.

गावाचा नकाशा पाहिला की हे लगेच ध्यानात येते. जुनी वस्ती विवराच्या उत्तर-ईशान्य बाजूला, म्हणजे धारेच्या बाजूला आहे. धारेपाशी स्नान करून देवळात जाणे, तेथे श्राद्धविधी करणे हा क्रम शतकानुशतके चालत आला आहे. रामगया आणि सीता न्हाणी ही पाण्याशी जोडलेली इतर स्थानेही याच परंपरेतील आहेत. गावात लिंबी बारव नावाची बांधीव पायऱ्यांची जुनी विहीर आहे. जमिनीखालचे पाणी येथील लोकांनी किती जाणतेपणाने वापरले त्याचा तो पुरावा आहे. गोडे पाणी, त्यावर उभे राहिलेले तीर्थक्षेत्र, आणि खाली उतरले की विकण्याजोगा क्षार, या तिन्हींच्या आधाराने गाव टिकले.

७. विवर किती मोठे आणि किती खोल आहे?

एका काठापासून समोरच्या काठापर्यंत सरासरी १.८ किलोमीटर व्यास आहे, म्हणजे काठाने पूर्ण फेरी मारली तर साडेपाच किलोमीटरांहून थोडे अधिक चालावे लागते. काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा २० ते ३० मीटर उंच उचललेला आहे. काठापासून तळापर्यंतची खोली १३५ ते १५० मीटर सांगितली जाते. तळाशी सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे सरोवर आहे, मात्र पाऊसमानानुसार त्याचा घेर कमीजास्त होतो. पाणी स्वतः उथळ आहे. 'सरोवर १५० मीटर खोल आहे' असे जे लिहिले जाते, ते चुकीचे आहे. तो आकडा विवराच्या खोलीचा आहे. सरोवराच्या तळाखाली साचलेल्या गाळाचा सुमारे १०० मीटर जाडीचा थर असल्याचे छिद्रण करून पाहिले गेले आहे, त्यामुळे मूळ खड्डा आजच्यापेक्षा बराच खोल होता.

८. हे विवर उल्केमुळेच झाले हे कशावरून? आमच्या आजोबांच्या पुस्तकात ज्वालामुखी लिहिले होते.

ते पुस्तक त्या काळच्या समजुतीला धरूनच होते. दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेले आहे. अशा प्रदेशात गोल खड्डा दिसला की ज्वालामुखीचे मुख किंवा वायूच्या स्फोटाने खचलेली जमीन, अशी अनुमाने होणे स्वाभाविक होते आणि एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिकांनी ती केलीही. अडचण ही होती की आसपासच्या लाव्हाचे थर खड्ड्यापेक्षा कितीतरी जुने आहेत आणि लोणारला त्यानंतरच्या ज्वालामुखीच्या उद्रेकाची खूण सापडत नाही.

निर्णायक पुरावा १९७० च्या दशकात पुढे आला. भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळात छिद्रे घेऊन खालच्या खडकाचे नमुने तपासले आणि १९७३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या नमुन्यांत मास्केलिनाइट आढळले. बेसाल्टमधील (लाव्हा थिजून बनलेल्या येथील काळ्या खडकातील) फेल्डस्पार या खनिजाचे न वितळता, केवळ प्रचंड दाबाच्या धक्क्याने काचेत रूपांतर झाले की हा पदार्थ तयार होतो, आणि एवढा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. काठाचे थर बाहेरच्या बाजूला उलटलेले असणे, भोवती फेकलेल्या दगडमातीचे आवरण असणे आणि वितळलेल्या खडकाचे काचमय मणी सापडणे ही इतर साक्ष याच्याशी जुळते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने १९७९ मध्ये लोणारला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले.

९. विवराचे वय ५२ हजार वर्षे की ५ लाख ७० हजार वर्षे?

दोन्ही आकडे खऱ्या अभ्यासांतून आले आहेत. ते वेगवेगळ्या पद्धतींचे आहेत. आघाताने वितळलेल्या काचेच्या उष्मादीप्ती चाचणीतून, म्हणजे नमुना तापवल्यावर बाहेर पडणारा प्रकाश मोजून, सुमारे ५२ हजार वर्षे (६ हजार वर्षे अधिक-उणे) असे वय निघाले आणि मराठी पाठ्यपुस्तकांत, फलकांवर, पर्यटन पत्रकांत तेच रुजले. पुढे आरगॉन वायूच्या समस्थानिकांवर आधारलेल्या मापनातून ५ लाख ७० हजार वर्षे (४७ हजार वर्षे अधिक-उणे) हे वय २०११ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. उष्मादीप्तीचे घड्याळ नंतरच्या उष्णतेने पुन्हा शून्यावर येऊ शकते, तर आरगॉनचे घड्याळ त्या मानाने सहज बिघडत नाही. त्यामुळे आजचे अनेक संशोधक मोठ्या आकड्याकडे कल दाखवतात. विद्यार्थ्यांनी दोन्ही आकडे पद्धतीसह द्यावेत, असे आम्ही सुचवतो. एकच आकडा लिहायचा असल्यास आरगॉन पद्धतीचा लिहावा.

१०. गोडे झरे सरोवरात पडतात, तरी सरोवर खारे कसे?

विवर चहूबाजूंनी बंद असलेल्या परातीसारखे आहे. झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी येताना बेसाल्टमधील क्षार विरघळवून अगदी अल्प प्रमाणात सोबत आणते. बाहेर वाहून जाण्याची वाट नसल्याने पाणी केवळ बाष्पीभवनाने उडते, क्षार मात्र मागे राहतात. हजारो वर्षे हे चालू राहिल्याने सरोवर खारे झाले. येथील खारेपणा समुद्राच्या खारेपणापेक्षा वेगळा आहे, कारण मिठाबरोबरच सोड्याचे, म्हणजे सोडियम कार्बोनेट व बायकार्बोनेटचे, प्रमाण त्यात मोठे आहे. पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. समुद्राचा साधारण ८ असतो. हात बुडवला तर साबणासारखा बुळबुळीतपणा जाणवतो तो यामुळेच.

'समुद्राच्या सातपट खारे' यांसारखी वाक्ये सरसकट खरी मानू नयेत. पाऊस चांगला झाला की पाणी वाढते आणि खारेपणा उतरतो; अवर्षणात तो चढतो. कोणत्याही मापनाला वर्ष आणि ऋतू जोडलेला असल्याशिवाय अर्थ नाही. काठाजवळ, कमळजा देवीच्या मंदिरापाशी, 'सासू-सुनेची विहीर' दाखवतात आणि तिचे पाणी एका बाजूला गोडे व दुसऱ्या बाजूला खारे असल्याचे सांगतात. गोडा पाझर आणि खारे तळे यांच्या सीमेवर असे घडणे भूजलाच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे.

११. लोणारला खरोखर मीठ पिकत होते का? आता का बंद आहे?

होय, पण तयार होणारा पदार्थ मुख्यतः खाण्याचे मीठ नव्हता, तर सोडा होता. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर आणि तळाशी क्षारांचे थर जमत. ते काढून, वाळवून, प्रतवारी करून विकले जात. डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्या प्रतींची नावे जुन्या नोंदींत आढळतात. साबण, काच आणि बांगड्या यांसाठी, कापड धुण्या-रंगवण्यासाठी, पापडखारासाठी आणि औषधांतही त्यांचा उपयोग होई.

या उत्पन्नाचा सर्वांत प्रसिद्ध उल्लेख सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने लिहिलेल्या 'आईन-इ-अकबरी'त आहे. वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना मेहकरच्या प्रदेशातील या तळ्याजवळ साबण आणि काच बनवण्यास लागणारे पदार्थ मिळतात आणि त्यातून चांगला महसूल येतो, असे तो नोंदवतो. ब्राह्मण या स्थळाला विष्णुगया म्हणतात, हेही त्याने लिहून ठेवले आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या एका महसुली ग्रंथात गावाच्या दोन्ही बाजू, तीर्थ आणि क्षार, शेजारी शेजारी नोंदल्या जाव्यात, हे आम्हांला फार मोलाचे वाटते. कारखान्यांत बनलेला स्वस्त सोडा बाजारात आल्यावर हा व्यवसाय उताराला लागला. आज सरोवर अभयारण्याच्या हद्दीत असल्याने क्षार काढण्यास परवानगी नाही (प्रश्न १७ पाहावा).

१२. लोणासुराची कथा काय आहे आणि दैत्यसूदन मंदिराचा तिच्याशी काय संबंध?

लवणासुर किंवा लोणासुर नावाचा दैत्य या ठिकाणी जमिनीखाली राहून लोकांना छळत असे. विष्णूने सुकुमार दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याच्या बहिणींकडून त्याचा ठावठिकाणा काढला, पायाच्या अंगठ्याने झाकण उडवले आणि त्याचा वध केला, अशी कथा आहे. सरोवर म्हणजे त्या दैत्याचे बीळ आणि खारे पाणी म्हणजे त्याचे रक्त, असे मानले जाते.

गावातील दैत्यसूदन मंदिर याच देवाचे आहे. काळ्या पाषाणातील, तारकाकृती तलविन्यासाचे हे मंदिर लोणारमधील सर्वोत्तम वास्तू आहे, हे निःसंकोच सांगता येते. सभामंडप, अंतराळ (मंडप व गर्भगृह यांना जोडणारा भाग) आणि गर्भगृह अशी रचना, बाह्य भिंतींवर देवदेवता, सुरसुंदरी आणि पौराणिक प्रसंगांच्या मूर्ती, आणि छतावर कोरलेले कथाप्रसंग, हे सारे शांतपणे पाहायला अर्धा दिवस अपुरा पडतो. शिखर पूर्ण झालेले नाही. गर्भगृहातील सध्याची मूर्ती नागपूरकर भोसल्यांच्या काळातील असल्याचे सांगितले जाते. सरोवर पाहून परत फिरणाऱ्यांनी हे मंदिर पाहिल्याशिवाय जाऊ नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

१३. लोणारची सगळी मंदिरे हेमाडपंती आहेत का?

चुना न वापरता दगडावर दगड बसवून बांधलेल्या प्रत्येक जुन्या मंदिराला हेमाडपंती म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. हेमाद्री हा तेराव्या शतकातील देवगिरीच्या यादवांचा मंत्री होता आणि ही बांधणी त्याच्या आधीपासून चालत आली आहे. लोणारची मंदिरे एका वेळी बांधलेली नाहीत. काही चालुक्य परंपरेशी नाते सांगतात, बरीचशी यादवकालीन आहेत आणि अनेकांची नंतर डागडुजी झाली आहे. विवराच्या आत, सरोवराच्या काठाने असलेली वाघ महादेव, मोर यांसारखी मंदिरे आज पडझडीला आलेली आहेत. कमळजा देवीचे मंदिर मात्र पूजेत असून नवरात्रात तेथे मोठी यात्रा भरते. पाण्याची पातळी वाढली की या मंदिरापर्यंत पाणी येते, म्हणून जाण्यापूर्वी स्थानिक चौकशी करावी.

१४. लोणार कोणाकोणाच्या राज्यात होते? निजामाच्या राज्यात असेल, तर १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन येथे लागू होतो का?

यादवांनंतर हा प्रदेश दिल्लीच्या सुलतानांकडे, मग बहमनींकडे आणि त्यानंतर अचलपूरच्या इमादशाहीकडे गेला. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने इमादशाही बुडवली आणि १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांना द्यावा लागला. १७२४ मध्ये साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनमध्ये स्वतःची सत्ता उभी केली. साखरखेर्डा याच बुलढाणा जिल्ह्यात आहे, म्हणजे हैदराबादच्या राज्याची पायाभरणी करणारी लढाई लोणारच्या शेजारीच झाली. पुढे या मुलखावर निजामाचा अंमल आणि मराठ्यांची चौथाई असे दोन्ही भार राहिले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लोकांना चकित करते. निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. वऱ्हाडावरील निजामाची सत्ता नाममात्र उरली होती, आणि तिची खूण म्हणून १९३६ पासून त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' (बेरार म्हणजे वऱ्हाड) ही पदवी होती. कारभार मात्र इंग्रजांचाच. म्हणून १५ ऑगस्ट १९४७ रोजी लोणार स्वतंत्र भारताच्या मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होते, तर दक्षिणेला असलेला मंठा, जिंतूरचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. मुक्तिसंग्राम दिन मराठवाड्याचा असून लोणार त्यात मोडत नाही. पण सीमेपलीकडे नातीगोती असलेल्या घरांनी ते तेरा महिने जवळून अनुभवले. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून लोणार महाराष्ट्रात आहे.

१५. सरोवराचा शोध १८२३ मध्ये इंग्रज अधिकाऱ्याने लावला, असे वाचले. हे बरोबर आहे का?

सी. जे. ई. अलेक्झांडर या अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या स्थळाची नोंद केली आणि त्यामुळे ते युरोपीय अभ्यासकांच्या दृष्टीस पडले, एवढे खरे आहे. याला शोध म्हणता येत नाही. त्याच्या सव्वादोनशे वर्षे आधीच्या नोंदीचा उल्लेख प्रश्न ११ मध्ये आहे, आणि मंदिरे त्याहूनही जुनी आहेत. शालेय पुस्तिकांत 'शोध लावला' याऐवजी 'नोंद केली' असे लिहावे.

१६. २०२० मध्ये पाणी गुलाबी का झाले होते? पुन्हा तसे दिसेल का?

जून २०२० मध्ये एरवी हिरवट दिसणारे पाणी काही दिवसांत गुलाबी-तांबूस झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने याची दखल घेतली आणि पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे तपासणीला गेले. त्यातून असे दिसले की उन्हाळ्यात पाणी आटून खारेपणा वाढला, उष्णता वाढली आणि हॅलोआर्किया या मीठप्रिय सूक्ष्मजीवांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांच्यातील कॅरोटिनॉइड रंगद्रव्यामुळे पाण्याला तो रंग आला. पावसाचे पाणी मिसळल्यावर खारेपणा उतरला, सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि रंग निवळला. नेहमीचा हिरवा रंगही सूक्ष्मजीवांचाच आहे. त्यात स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या सूक्ष्म शैवालाचा वाटा मोठा आहे. पाणी पुरेसे आटले आणि कडक उन्हाळा जोडीला आला, तर हा रंग पुन्हा दिसू शकतो. टाळेबंदीत माणसांचा वावर थांबल्यामुळे रंग बदलला, ही तेव्हा पसरलेली बातमी सिद्ध झालेली नाही.

१७. अभयारण्य, रामसर स्थळ, राष्ट्रीय स्मारक: नेमके काय काय आहे आणि गाव त्यात येते का?

एकाच जागेवर तीन वेगळी संरक्षणे आहेत. भूवैज्ञानिक स्मारकाचा उल्लेख प्रश्न ८ मध्ये झाला. विवर आणि त्यातील जंगल हे साडेतीन चौरस किलोमीटरांहून थोडे मोठे असे वन्यजीव अभयारण्य असून त्याचा कारभार मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या अखत्यारीत चालतो. आणि २०२० मध्ये ४२७ हेक्टर क्षेत्राला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरनंतरचे हे महाराष्ट्रातील दुसरे रामसर स्थळ होय. त्या नोंदीत १६० जातींचे पक्षी, ४६ जातींचे सरपटणारे प्राणी आणि लांडग्यासह १२ जातींचे सस्तन प्राणी नमूद आहेत.

यांखेरीज अनेक मंदिरे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे संरक्षित आहेत. दैत्यसूदन मंदिरासारखी काही स्मारके भरवस्तीत असल्याने त्यांच्यालगतच्या घरांना पुरातत्त्व कायद्याची मर्यादा लागते. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. गावातील माणसाला साधी खोली वाढवतानाही अडचण येते ती या नियमामुळे, अभयारण्यामुळे नव्हे. वारसा जपायलाच हवा; पण त्याचा भार कोणाच्या अंगणात पडतो, हेही पाहणाऱ्याने लक्षात ठेवावे.

१८. गावाच्या सांडपाण्याने सरोवर बिघडत आहे, हे खरे का?

हा धोका खरा आहे आणि त्यावर उच्च न्यायालयात दीर्घकाळ सुनावण्या झाल्या आहेत. गाव काठावर, उंचावर आणि सरोवर खाली असल्याने गावातून वाहणारे पाणी उताराने विवराकडे जाते. या पाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरसमुळे तेथील विशिष्ट सूक्ष्मजीवांचा समतोल ढळतो, तर जास्तीच्या गोड्या पाण्यामुळे खारेपणा उतरतो. शेतीतील खते आणि धारेवरील कपडे धुणे हीदेखील कारणे सांगितली जातात. विवरात पसरलेली वेडी बाभूळ काढण्याचे काम वन विभागाने हाती घेतले, तेही याच संवर्धनाचा भाग आहे. उपाय गावाला दोष देण्यात नाही. भुयारी गटार आणि शुद्धीकरण प्रकल्प नीट चालवण्याइतका पैसा व मनुष्यबळ 'क' वर्गाच्या नगर परिषदेकडे नसते, आणि राज्याने तो सातत्याने पुरवणे आवश्यक आहे.

१९. अंबर तळे हे दुसऱ्या उल्केचे विवर आहे का?

मुख्य विवराच्या उत्तरेला सुमारे ७०० मीटरवर असलेल्या या तळ्याला छोटे लोणार असेही म्हणतात. मूळ उल्केचा तुटलेला तुकडा येथे पडला, असे अनुमान मांडले गेले आहे. मात्र मुख्य विवरात मिळालेल्या दर्जाचा पुरावा (प्रश्न ८) येथे पुढे आलेला नसल्यामुळे त्याला विवर म्हणून निश्चित करता येत नाही. जवळच मोठ्या मारुतीचे मंदिर आहे आणि तेथील निजलेल्या मूर्तीचा दगड चुंबकीय असल्याची श्रद्धा आहे. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतेच, त्यामुळे केवळ चुंबकत्वावरून दगड आकाशातून आला असे ठरवता येत नाही.

२०. बेसाल्टमधील जगातील एकमेव उल्काविवर लोणारच आहे ना?

'एकमेव' म्हणू नये. ब्राझीलमध्ये पाराना भागाच्या बेसाल्टमध्ये व्हिस्टा अलेग्रे आणि व्हार्जियाओ ही आघाताने बनलेली विवरे ओळखली गेली आहेत, पण ती कितीतरी जुनी आणि झिजलेली आहेत. बेसाल्टमधील साधे, वाटोळे आणि उत्तम टिकलेले विवर म्हणून लोणारचे स्थान अबाधित आहे. चंद्राच्या आणि मंगळाच्या पृष्ठभागावर बेसाल्ट मोठ्या प्रमाणात असल्याने तेथील विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ लोणारला येतात.

२१. लोणारला कसे पोहोचावे आणि किती वेळ ठेवावा?

गावात रेल्वे नाही. जालना हे सोयीचे मोठे स्थानक आहे. समृद्धी महामार्गाने आल्यास मेहकर येथे उतरून सुलतानपूरमार्गे यावे. मेहकर, जालना, बुलढाणा आणि छत्रपती संभाजीनगरहून एस. टी. ने येता येते. विवरात उतरायचे असल्यास सकाळी लवकर निघावे, सोबत पाणी न्यावे आणि अंधार पडण्यापूर्वी वर यावे, कारण आत वन्य प्राण्यांचा वावर आहे. दुपारचा वेळ दैत्यसूदन मंदिर, लिंबी बारव आणि बाजारपेठ यांसाठी ठेवावा आणि शक्य असल्यास गावातच मुक्काम करावा. त्याचे कारण प्रश्न ५ च्या शेवटी दिले आहे.